आबांची ‘ऑस्ट्रेलिया’ निगेटिव्ह आहे, तरी काविळीची गोळी दीड वर्ष कशासाठी?

चोपड्याची_लेक · २७ जानेवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. जरा लांबण लावून सांगते, कारण या विषयावर दादाशी फोनवर तीनदा भांडण झालंय आणि आता मलाच कळेना मी कोणाच्या बाजूने आहे.

माझे वडील, आम्ही आबा म्हणतो, वय ६४. माहेर चोपडा तालुक्यात, तापीकडच्या अंगाला चार एकर केळी आणि थोडा कापूस. मी लग्नानंतर धुळ्याला. दिवाळीनंतर आबांच्या मानेला गाठ आली. महिनाभर गावातच शेक, लेप, गोळ्या झाल्या. मग जळगावला तुकडा काढून तपासला तर लिम्फोमा, म्हणजे लसिका गाठींचा कॅन्सर, निघाला. नाशिकला उपचार घ्यायचं ठरलं. आर-चॉप नावाची केमो, दर २१ दिवसांनी एक, असे ६ डोस. पहिला डोस २० तारखेला झाला. गाठ आठवड्यात अर्ध्यावर आली, त्यामुळे आबा खूश आहेत.

आता मुद्दा. केमोच्या आधी रक्त तपासलं त्यात एचआयव्ही निगेटिव्ह, हिपॅटायटीस सी निगेटिव्ह, एचबीएसएजी म्हणजे हिपॅटायटीस बी ची तपासणी, आपल्याकडचे लॅबवाले जिला अजून ‘ऑस्ट्रेलिया’ म्हणतात, ती पण निगेटिव्ह. खाली अजून एक ओळ होती, ‘अँटी-एचबीसी टोटल : रिअ‍ॅक्टिव्ह’. त्या एका ओळीवरून डॉक्टरांनी एन्टेकॅविर ०.५ ची गोळी रोज एक सुरू केली. केमो संपल्यावरही दीड वर्ष चालू ठेवायची म्हणाले. मी का विचारलं तर म्हणाले, “लिव्हरमध्ये जुना विषाणू झोपलाय, तो जागा व्हायला नको.” बाहेर साठ-सत्तर पेशंट बसलेले, पुढचं विचारायची हिंमत झाली नाही.

दादाचं म्हणणं, रिपोर्ट निगेटिव्ह आहे, लिव्हरची एसजीपीटी तपासणी २८ म्हणजे नॉर्मल आहे, डोळे पिवळे नाहीत, मग हा खर्च कशाला? आबांचं त्याहून सोपं आहे: “गाठ तं उतरी गयी, आते हाई गोयी कसाले?” त्यांच्या पिशवीत आधीच अकरा प्रकारच्या गोळ्या आहेत.

त्यात परवा तालुक्याच्या मेडिकलवाल्याकडे एन्टेकॅविर नव्हती. तो म्हणाला लॅमिव्हुडिन घेऊन जा, तीच आहे, स्वस्त पडेल. दादा घेऊन आला. मी फोनवर ओरडले म्हणून अजून पाकीट फोडलेलं नाही. मला घाई एवढ्याचसाठी आहे की घरातली एन्टेकॅविर सहा दिवस पुरेल. आणि एक, हे आबांकडून नातवंडांना लागू शकतं का? वहिनीने त्यांचं ताट-तांब्या वेगळा काढलाय, ते बघून आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

पप्पू_धरणगाव · २७ जानेवारी, रात्री ११:१५

ताई, डॉक्टर लोक हल्ली प्रत्येक गोष्टीला एक गोळी लावून देतात. आमच्या काकूला संधिवात आहे. तिलाही जळगावला असंच सांगितलं होतं की जुनी कावीळ झालेली दिसते, लक्ष ठेवा. ती मेथोट्रेक्सेट घेते आठवड्यातून एकदा, मधूनमधून स्टिरॉइडही. चार वर्षं झाली, काही झालं नाही. कावीळ व्हायची असती तर तेव्हाच झाली असती. माझं मत, एसजीपीटी दर महिन्याला करत राहा, वाढली तर बघू.

रक्तपिपासू_भुसावळ · २८ जानेवारी, सकाळी ६:०५

ताई, नावाला घाबरू नका. ३१ वर्षं लॅबमध्ये लोकांचं रक्त काढलं म्हणून मुलांनी ठेवलेलं नाव आहे. आता रिटायर. मी डॉक्टर नाही, टेक्निशियन. पप्पूभाऊंचं ‘वाढली तर बघू’ वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून चहाच्या आधी लिहायला बसलो.

आधी ते ‘ऑस्ट्रेलिया’ काय ते बघा. १९६० च्या दशकात बारूख ब्लमबर्ग नावाचे अमेरिकन संशोधक देशोदेशीच्या लोकांचं रक्त तपासत होते. ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात त्यांना एक अनोळखी प्रथिन सापडलं, म्हणून ऑस्ट्रेलिया अँटिजेन. ते हिपॅटायटीस बी विषाणूचं वरचं टरफल आहे हे नंतर कळलं. १९७६ चं नोबेल त्यांना मिळालं. नाव केव्हाच बदललं, पण आपल्याकडच्या जुन्या लॅबमध्ये अजून ‘ऑस्ट्रेलिया काढा’ असंच म्हणतात. मीही म्हणायचो.

आता नीट बघा, ही तपासणी टरफल शोधते. आज, या नळीतल्या रक्तात टरफल आहे का, एवढंच. आयुष्यात कधी हा विषाणू येऊन गेला का, याचं उत्तर ती देत नाही. ते उत्तर अँटी-एचबीसी देते. विषाणूच्या आतल्या गाभ्याविरुद्ध शरीराने बनवलेली ती प्रतिद्रव्यं. लसीत नुसतं टरफल असतं, गाभा नसतो, त्यामुळे लस घेतलेल्याची अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह येत नाही. ती आली म्हणजे खरा विषाणू कधीतरी अंगात येऊन गेला. आबांच्या वयाच्या माणसाला कुठून आला हे आता कोणी सांगू शकणार नाही. आपल्या लहानपणी गावात एकच काचेची सिरिंज असायची, डब्यात उकळून उकळून अख्ख्या आळीला टोचायची. न्हाव्याचा वस्तरा तोच. आबांना आठवणारही नाही, कारण बऱ्याच जणांना तेव्हा साधा दोन दिवस थकवा येतो आणि जातो.

मोठ्या वयात लागण झाली तर शंभरातल्या नव्वद-पंच्याण्णव जणांचं शरीर विषाणूला आवरतं. ‘ऑस्ट्रेलिया’ निगेटिव्ह होते, माणूस बरा झाला असं आपण म्हणतो, आणि तो बराच असतो. पण विषाणूची एक गोल बांधलेली प्रत यकृताच्या पेशीच्या गाभ्यात बसून राहते. तुमच्या घरी केळी आहे, तेव्हा लव्हाळा माहीत असेल. वरून कितीही खुरपा, रान स्वच्छ दिसतं, पण खाली गाठी असतात. पाणी लागलं की पुन्हा हिरवं. एन्टेकॅविर सुद्धा त्या गाठी काढत नाही. ती फक्त वर येऊ देत नाही.

मग आबांचा लव्हाळा इतकी वर्षं वर का आला नाही? कारण शरीराची जागल चालू होती. आर-चॉपमधला ‘आर’ म्हणजे रिटुक्सिमॅब. हे औषध ‘बी’ नावाच्या पांढऱ्या पेशींवरच्या सीडी-२० नावाच्या खुणेला धरून त्या पेशी मारतं. लिम्फोमा त्याच पेशींचा असतो म्हणून गाठ विरघळते. पण चांगल्या बी पेशीही त्याच सपाट्यात जातात, आणि शेवटच्या डोसनंतरही सहा-सहा महिने, वर्ष वर्ष परत येत नाहीत. म्हणजे जागल्याच उठवला. त्यात ‘चॉप’मधला ‘पी’ म्हणजे प्रेडनिसोलोन, दर डोसला पाच दिवस, मोठ्या मात्रेत. ते स्टिरॉइडच.

आता जे सांगायला बसलो ते.

माझे साडू. पाचोऱ्याकडे पिठाची गिरणी होती. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे, पण वागणं मित्रासारखं. २०१० मध्ये त्यांना हाच आजार, हेच औषध. केमोच्या आधीच्या तपासण्या मीच केल्या. घरचा माणूस म्हणून ‘ऑस्ट्रेलिया’ दोनदा लावली, एकदा कार्डवर, एकदा एलायझावर. दोन्ही निगेटिव्ह. मी स्वतः फोन करून सांगितलं, “साडूभाऊ, लिव्हर एकदम क्लीन.” रिपोर्टवर माझी सही आहे. अँटी-एचबीसी करा असं कोणी लिहिलं नव्हतं आणि मला सुचलं नाही. आमच्या लॅबमध्ये तेव्हा तिचं किटही नसायचं.

डिसेंबरात सहावा डोस झाला. स्कॅन स्वच्छ. गिरणी पुन्हा सुरू केली. २०११ च्या आखाजीला सगळे माझ्याकडे जेवायला. आमरस, पुरणपोळी, वरून सांजोऱ्या. त्यांनी अर्धी पोळी ठेवली, म्हणाले तोंडाला चव नाही. अंगणात हात धुवायला उठले तेव्हा उन्हात मला त्यांचे डोळे दिसले. हळदीसारखे.

मी लॅबचा माणूस. तरी माझ्या डोक्यात पहिलं काय आलं? उन्हाळ्याची कावीळ. बाहेरचा बर्फाचा गोळा, लग्नातलं पाणी. केमोच्या आधी मीच ‘ऑस्ट्रेलिया’ निगेटिव्ह दिली होती, त्यामुळे बी चा विचारच नाही. त्यांच्या गावाजवळ काविळीची माळ घालणारे एक बाबा होते. माळ जसजशी लांब होऊन गळ्यातून खाली उतरते तसतशी कावीळ उतरते म्हणतात. माळ घातली. चुन्याच्या पाण्यात हात धुवून पाणी पिवळं झालेलं दाखवलं. तेल बंद, मूग आणि उसाचा रस चालू. अकरा दिवस. बाराव्या दिवशी मुलगा म्हणाला बाबा दिवसा झोपतात आणि रात्री भलतंच बोलतात.

रक्त मीच काढलं. बिलीरुबिन म्हणजे काविळीचा पिवळेपणा २४, एसजीपीटी १,८०० च्या वर, रक्त गोठण्याची तपासणी आयएनआर ३.६. आणि ‘ऑस्ट्रेलिया’च्या कार्डवर दोन रेघा, दुसरी पहिलीपेक्षा जाड. मी ते कार्ड हातात धरून किती वेळ उभा होतो माहीत नाही. मग रात्रीच्या अमरावती एक्सप्रेसने मुंबईला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी विषाणूविरोधी गोळी लगेच सुरू केली, पण लिव्हरची वेळ निघून गेली होती. नऊ दिवसांनी गेले. कॅन्सर शेवटपर्यंत परत आला नव्हता.

कोणाला दोष देत नाही. त्या काळी बऱ्याच ठिकाणी एवढीच तपासणी व्हायची. अमेरिकेच्या एफडीएने रिटुक्सिमॅबच्या माहितीपत्रकात या धोक्याचा काळ्या चौकटीतला इशारा घालायला लावला तो २०१३ मध्ये. पण पप्पूभाऊ, ‘एसजीपीटी वाढली तर बघू’ याचा हिशेब बघा. आधी रक्तात विषाणू वाढतो, तेव्हा एसजीपीटी नॉर्मल असते. आठवड्यांनी एसजीपीटी वाढते, मग बिलीरुबिन, मग डोळे. तुमच्या हाती कागद येतो तेव्हा शेत अर्धं व्यापलेलं असतं. बरं, पुष्कळदा नुकसान होतं ते केमो थांबून शरीर सावरायला लागल्यावर. परत आलेल्या पेशींना जिकडेतिकडे विषाणू भरलेलं लिव्हर दिसतं आणि त्या लिव्हरवरच तुटून पडतात. घरचे तेव्हा ‘केमो संपली’ म्हणून पेढे वाटत असतात.

ताई, तुमच्या डॉक्टरांनी ती एक ओळ मागवली, वाचली आणि त्यावर औषध लिहिलं. साठ पेशंटच्या गर्दीत. त्यांच्याशी भांडू नका, दादाशी भांडा.

अजून एक, लॅबवाल्याच्या पोटातलं. अँटी-एचबीसी लिहून दिली की काही लॅब ‘आयजीएम’ लावून मोकळ्या होतात. आयजीएम नव्या, ताज्या लागणीसाठी असते. जुन्या लागणीत ती निगेटिव्ह येते आणि माणूस निर्धास्त होतो. चिठ्ठीवर ‘टोटल’ हा शब्द हवाच. हे वाचणाऱ्या कोणाच्या घरी केमो सुरू होणार असेल तर रिपोर्ट काढून तो शब्द शोधा.

चोपड्याची_लेक · २८ जानेवारी, दुपारी १:३०

काका, दोनदा वाचलं. शाळेच्या मधल्या सुट्टीत वाचलं आणि तास बुडवला.

दादाला पाठवलंय, निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही. एक गोष्ट मी सांगायची राहिली. डिसेंबरात आबांचं हिमोग्लोबिन ७.२ झालं होतं तेव्हा जळगावला रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या होत्या. वहिनी म्हणते विषाणू त्यातूनच आला असेल. नाशिकची ही तपासणी त्या पिशव्यांनंतर तीन आठवड्यांनी झाली. याने काही फरक पडतो का? आणि लॅमिव्हुडिनचं काय करू, सांगा ना कोणीतरी.

शहादा_फिजिशियन · २८ जानेवारी, रात्री ९:५०

मी एमडी मेडिसिन, शहाद्याला प्रॅक्टिस. भुसावळच्या काकांनी माझं बरंचसं काम केलंय, उरलेलं मी सांगतो. औषध चालू-बंद करण्याचा निर्णय तुमच्या नाशिकच्या डॉक्टरांचाच.

लॅमिव्हुडिन परत करा. ‘तीच आहे’ हे चूक. दोन्ही विषाणूवरच काम करतात एवढंच साम्य. लॅमिव्हुडिन जुनी आहे आणि महिनोन्‌महिने घेतली की विषाणू तिला सरावतो. दोन वर्षांच्या कामाला तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. पर्याय हवाच असेल तर टेनोफोविर, पण तेही डॉक्टरांना विचारून, कारण किडनीचा हिशेब बघावा लागतो. सहा दिवस हाताशी आहेत, तेवढ्यात जळगाव किंवा धुळ्याहून एन्टेकॅविर सहज मिळेल.

एन्टेकॅविर रिकाम्या पोटी. जेवणानंतर दोन तासांनी आणि पुढच्या खाण्याच्या दोन तास आधी. शेतकऱ्याला सकाळी हे जमत नाही, पाच वाजता चहा-खारी असते. माझ्या पेशंटना मी रात्रीची सांगतो. सातला जेवण, साडेनऊला गोळी, मग झोप.

रक्ताच्या पिशव्यांचा प्रश्न चांगला विचारलात. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिशवीतून विषाणू येणं, याची शक्यता फार कमी, कारण आपल्याकडे प्रत्येक पिशवीची बी, सी, एचआयव्ही, सिफिलिस आणि मलेरियाची तपासणी सक्तीची आहे. पण रक्तदात्याची नुसती प्रतिद्रव्यं पिशवीतून येऊ शकतात. रक्तदात्याला जुनी लागण होऊन गेली असेल तर त्याची अँटी-एचबीसी काही आठवडे आबांच्या रक्तात दिसू शकते. जळगावला तुकडा काढला तेव्हाचं, पिशव्यांच्या आधीचं रक्त लॅबमध्ये शिल्लक असेल तर विचारून बघा. बहुधा नसेल. मग वाद घालत बसू नका, आबांची जुनी लागण आहे असंच धरून चालायचं. आता पुन्हा तपासून खात्री करू म्हणाल तर रिटुक्सिमॅबनंतर प्रतिद्रव्यंच कमी होतात, त्यामुळे ‘निगेटिव्ह’ आलं तरी त्यावर विश्वास ठेवता येत नाही. गोळी घेऊन फुकट गेली तर पैसे गेले. न घेता विषाणू उठला तर काय होतं ते वर वाचलंच आहे.

पप्पूभाऊ, तुमच्या काकूंची गोष्ट खोटी नाही, पण ती वेगळ्या शेताची गोष्ट आहे. औषध कोणतं यावर धोका ठरतो. ‘ऑस्ट्रेलिया’ निगेटिव्ह आणि अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह अशा माणसाला रिटुक्सिमॅब दिलं तर विषाणू उठण्याची शक्यता शेकडा १० हून जास्त धरतात. नुसत्या मेथोट्रेक्सेटला शेकडा १ हूनही कमी. म्हणून काकूंना ‘लक्ष ठेवा’ आणि आबांना ‘गोळी घ्या’. दोन्ही सल्ले बरोबर होते. मात्र ‘मधूनमधून स्टिरॉइड’ हे कोण देतं आणि किती देतं, ते एकदा बघा. रोज २० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन चार आठवडे किंवा जास्त झालं तर धोक्याची पायरी बदलते. आमच्याकडे आठवडी बाजारात सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या मिळतात. पेशंट म्हणतो जडीबुटी आहे, पण चेहरा सुजून गोल झालेला, साखर वाढलेली, म्हणजे आत काय आहे ते मला बघताक्षणी कळतं. अशा माणसाची ‘ऑस्ट्रेलिया’ पॉझिटिव्ह असेल आणि त्याला ते माहीतच नसेल, तर केमोशिवायच हा सगळा प्रकार घडू शकतो. काकूंची एचबीएसएजी शेवटची कधी झाली? चार वर्षांपूर्वी झाली असेल तर पुन्हा करा.

नातवंडांबद्दल. आबांची एचबीएसएजी निगेटिव्ह आहे, त्यांच्यापासून घरात कोणाला धोका नाही. आणि पॉझिटिव्ह असती तरी हा आजार ताटा-तांब्यातून, एकत्र जेवण्यातून पसरत नाही. रक्तातून, शरीरसंबंधातून, बाळंतपणात आईकडून बाळाला, वस्तरा-नेलकटरमधून पसरतो. वहिनींना सांगा ताट आजच परत एकत्र करा. पाण्यातून येणारी ती ए आणि ई, त्यांचा याच्याशी संबंध नाही. आपण सगळ्यांना ‘कावीळ’ हे एकच नाव दिल्यामुळे हा घोळ होतो.

सातपुडा_एक्सप्रेस · २९ जानेवारी, सकाळी ८:२०

नंदुरबारहून. खर्चाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. २८ जुलै २०१८ ला केंद्राने व्हायरल हिपॅटायटीसचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात बी आणि सी ची तपासणी, व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती आहे ते), औषधं मोफत आहेत, सरकारी रुग्णालयातल्या उपचार केंद्रातून. जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजात चौकशी करा. माझ्या भावाला टेनोफोविर तिथूनच मिळते. नाशिकच्या डॉक्टरांची चिठ्ठी, सगळे रिपोर्ट आणि आधार घेऊन जा. खिडकीवरच्या माणसाला ‘केमोमुळे प्रतिबंधासाठी’ हे सांगून कळलं नाही तर तिथल्या फिजिशियनला भेटा. दोन चकरा होतील, धीर धरा.

पप्पू_धरणगाव · २९ जानेवारी, सकाळी ९:०२

डॉक्टरसाहेब, काकूला विचारलं. पुडी एका पाहुण्याने आणून दिली होती, दीड वर्षापासून घेतेय. घरात कोणालाच माहीत नव्हतं. आज जळगावला नेतो.

शहादा_फिजिशियन · २९ जानेवारी, सकाळी ९:१०

न्या. पण पुडी एकदम बंद करू नका. दीड वर्ष स्टिरॉइड अंगात गेलं असेल तर ते अचानक थांबवणंही धोक्याचं असतं. पुडी सोबत घ्या आणि तिथल्या डॉक्टरांना दाखवा.

चोपड्याची_लेक · १६ फेब्रुवारी, रात्री ८:१५

उशिरा येतेय. दुसरा डोस १० तारखेला झाला. यावेळी मी सोबत गेले होते, प्रश्न वहीत लिहून. डॉक्टर हसले, म्हणाले, “कुठून शिकलात?” व्हायरल लोडचा रिपोर्ट ‘नॉट डिटेक्टेड’ आलाय. एसजीपीटी ३४. पिशव्यांच्या आधीचं रक्त लॅबमध्ये शिल्लक नव्हतं, डॉक्टरसाहेबांनी म्हटलं तसंच. गोळी चालूच. दर तीन महिन्यांनी एसजीपीटी आणि व्हायरल लोड, आणि गोळी बंद केल्यावरही पुढे वर्षभर तपासण्या. बंद करायची ती त्यांनी सांगितल्यावरच, मध्येच गोळी तुटली तर तेव्हाही विषाणू उसळी मारतो म्हणाले. केमोच्या तारखा गोळीमुळे पुढे ढकलाव्या लागल्या नाहीत, ही माझी आतली भीती होती, ती गेली.

औषध सरकारी केंद्रातून मिळायला लागलं. दोन नाही, तीन चकरा झाल्या.

दादाचं सांगते. काकांचं ते आखाजीचं वाचून तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी वहिनीचा फोन, की हे स्वतःच तपासून आले, निगेटिव्ह आहेत, आणि लसीचा पहिला डोस टोचून घेतला. दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. सुईला बघून हा माणूस म्हशीच्या गोठ्यात लपायचा लहानपणी. आबांचं ताट परत एकत्र झालंय.

आबांना मी लव्हाळा आणि जागल्या दोन्ही सांगून बघितलं. लव्हाळ्यावर हसले. जागल्यावर गप्प झाले. त्यांनी स्वतः तरुणपणी रानडुकरांसाठी मळ्यात जागल केलेली आहे. आता साडेनऊ वाजले की आईला म्हणतात, “जागल्यानी गोयी दे वं.”

सहावा डोस मे महिन्याच्या सुरुवातीला येईल. तिथून दीड वर्ष मोजलं तर पुढच्या वर्षीचा नोव्हेंबर. दादा भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करायला गेला तर त्या सालाचं कॅलेंडर अजून निघालंच नाही. मग त्याने विहिरीवरच्या मोटरच्या स्टार्टरपेटीवर आतून खडूने तारीख लिहिली, कारण ती पेटी तो रोज उघडतो.

रक्तपिपासू_भुसावळ · १६ फेब्रुवारी, रात्री ८:४०

खडू पावसाळ्यात पुसला जाईल ताई. ऑइलपेंटने लिहायला सांगा. आणि पप्पूभाऊ, काकूंचं काय झालं?

पप्पू_धरणगाव · १७ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

काका, ‘ऑस्ट्रेलिया’ निगेटिव्ह आली. टोटल पॉझिटिव्ह. पुडी डॉक्टर हळूहळू कमी करताहेत, महिन्याने परत बोलावलंय. पाहुण्याला मी फोन केला होता, त्याने उचलला नाही.